बधिर पाऊल आणि कोंबडीचा गर्भ : एनजीएफच्या फसलेल्या चाचणीचे प्रकरण

जुलै १९९७ ते मे १९९९ या काळात अमेरिकेतील ८४ बाह्यरुग्ण केंद्रांमध्ये १,०१९ मधुमेही रुग्णांनी आठवड्यातून तीनदा, ४८ आठवडे, त्वचेखाली इंजेक्शन घ्यायचे, अशी एक चाचणी झाली. त्यांपैकी ५०४ जणांना मिळणाऱ्या द्रावणात जनुकीय तंत्राने बनवलेले मानवी ‘नर्व्ह ग्रोथ फॅक्टर’, म्हणजे एनजीएफ नावाचे प्रथिन होते आणि उरलेल्या ५१५ जणांच्या द्रावणात औषध नव्हते. कोणाला काय मिळत आहे हे रुग्णाला ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही. सगळ्यांची तक्रार साधारण एकाच जातीची होती : मधुमेहामुळे पायांचे संवेदी मज्जातंतू निकामी होत चालले होते. नोव्हेंबर २००० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा मुख्य निकषावर दोन्ही गटांत फरक आढळला नाही. ज्या प्रथिनाच्या शोधाला १९८६ साली नोबेल पुरस्कार मिळाला होता आणि ज्याचे गर्भावस्थेतील कार्य प्राण्यांवरील प्रयोगांतून निःसंशय सिद्ध झाले होते, ते प्रौढ माणसाच्या पायापाशी येऊन थांबले. ते का थांबले, याची ही चिकित्सा आहे.

आजार पायातून कसा सुरू होतो

मधुमेही पायाची जखम बहुतेक वेळा जखम म्हणून सुरू होत नाही. आधी तळव्यांना मुंग्या येतात, रात्री जळवात होतो, मग ‘गादीवर चालल्यासारखे वाटते’ अशी तक्रार येते, आणि एके दिवशी तक्रारच बंद होते. रुग्णाला वाटते की बरे झाले. प्रत्यक्षात दुखणे कळवणारे तंतूच उरलेले नसतात. पायापर्यंत जाणारा संवेदी तंतू शरीरातील सर्वांत लांब तंतूंपैकी एक आहे. त्याची पेशी पाठीच्या कण्याशेजारच्या चेतागुच्छात, म्हणजे मज्जापेशींच्या पुंजक्यात, असते आणि टोक अंगठ्याच्या कातडीत, म्हणजे जवळपास एक मीटर अंतरावर. आजार आधी या टोकांवर घाला घालतो. त्यानंतर चपलेत अडकलेला खडा, अंगठ्याच्या मुळाशी वाढणारा घट्टा किंवा दुपारच्या उन्हात तापलेली देवळाची फरशी यांपैकी कशाचीही वर्दी वर पोहोचत नाही. घट्ट्याखाली रक्त साकळते, कातडी फाटते, जंतू शिरतात आणि त्याच पायाने माणूस चालत राहतो. भरलेली जखम वर्षभरात पुन्हा उघडण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्के आहे.

हे चित्र आपल्याकडच्या डॉक्टरांना मधुमेहाच्या आधी कुष्ठरोगातून परिचित होते. वेल्लोरला काम करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या तळव्यावरील व्रण मुख्यतः बधिर पायावर वारंवार येणाऱ्या दाबामुळे होतात, ‘मांस सडल्यामुळे’ नव्हे, हे आग्रहाने मांडले. मऊ रबराची एमसीआर चप्पल आधी कुष्ठरुग्णांच्या पायात आली आणि नंतर मधुमेहींच्या, ती याच विचाराच्या वाटेने. बधिरता हे मूळ आहे, हे एकदा मान्य केले की प्रश्न उभा राहतो : तंतूंची टोके पुन्हा जिवंत करता येतील का? या प्रश्नाचे एक उत्तर कोंबडीच्या अंड्यात सापडले होते.

अंड्यातील पुरावा

रिटा लेवी-मोंताल्चिनी यांचा जन्म १९०९ साली तुरीन येथे झाला. १९३८ च्या वंशविषयक कायद्यांमुळे ज्यू असलेल्या या तरुण डॉक्टर स्त्रीला इटलीतील विद्यापीठात काम करणे अशक्य झाले, तेव्हा तिने आपल्या शयनगृहातच प्रयोगशाळा थाटली. सूक्ष्मदर्शक, अंडी उबवण्यासाठी एक उबदार पेटी आणि घासून बारीक केलेल्या शिवणाच्या सुया एवढ्या सामग्रीवर काम सुरू झाले, आणि विद्यापीठातून काढले गेलेले तिचे गुरू ज्युसेप्पे लेवी तेथे तिचे सहकारी झाले.

प्रश्न गर्भशास्त्रज्ञ व्हिक्टर हॅम्बर्गर यांच्या १९३४ च्या निबंधातून आलेला होता. कोंबडीच्या गर्भातील पंखाचा किंवा पायाचा अंकुर कापून टाकला, तर त्या बाजूच्या मज्जारज्जूत व चेतागुच्छांत पेशी फार कमी उरतात, हे त्यांनी दाखवले होते. अंकुराकडून येणारी कोणती तरी प्रेरणा न मिळाल्याने पेशी घडतच नाहीत, असा त्यांचा अर्थ होता. तुरीनच्या त्या खोलीत एकाच अवस्थेऐवजी एकामागून एक अनेक अवस्थांतील गर्भ तपासले गेले आणि वेगळेच दिसले. पेशी घडतात, वाढू लागतात, हरवलेल्या अवयवाच्या दिशेने तंतूही पाठवतात. मात्र तेथे काहीच न सापडल्यामुळे मरतात. इटलीतील नियतकालिके ज्यूंना बंद असल्याने हे काम बेल्जियममध्ये छापले गेले.

माझ्या मते या सबंध प्रकरणाचा कणा याच निरीक्षणात आहे. मज्जापेशीचे जगणे-मरणे ती जेथे पोहोचते तेथे ठरते. अवयव आपल्या हद्दीत येणाऱ्या तंतूंना काहीतरी तुटपुंजे पोषण देतो, ज्यांना ते मिळते त्या पेशी टिकतात आणि बाकीच्या गळून पडतात. हॅम्बर्गर यांनी लेवी-मोंताल्चिनी यांना सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात बोलावले. १९४७ साली त्या एका सत्रापुरत्या गेल्या आणि सुमारे ३० वर्षे तेथेच काम करत राहिल्या. पेशी मरण्याचा हा प्रकार कापाकापी न केलेल्या, निरोगी गर्भातही घडतो, हे १९४९ पर्यंत त्या दोघांनी दाखवून दिले.

पोषण देणारा पदार्थ कोणता, याचा माग एका उंदराच्या गाठीतून लागला. एल्मर ब्यूकर यांनी १९४८ साली ‘सार्कोमा १८०’ ही गाठ कोंबडीच्या गर्भात रोवली, तेव्हा जवळचे संवेदी चेतागुच्छ फुगले. लेवी-मोंताल्चिनी यांनी तो प्रयोग पुन्हा केला. गर्भाशी थेट संपर्क नसलेल्या, केवळ रक्तवाहिन्यांनी जोडलेल्या पडद्यावर गाठ ठेवली तरी परिणाम तोच येतो हे पाहून, गाठ काहीतरी रक्तात सोडत असली पाहिजे असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९५२ साली गाठ असलेले दोन उंदीर सोबत घेऊन त्या रिओ दि जानेरोला गेल्या आणि तेथे हेर्टा मायर यांच्या ऊतिसंवर्धन प्रयोगशाळेत गाठीचा तुकडा व चेतागुच्छ शेजारी शेजारी वाढवले. दिवसभरात चेतागुच्छाभोवती तंतूंचे, सूर्याभोवतीच्या खळ्यासारखे, दाट कडे उभे राहिले.

सेंट लुईसला १९५३ मध्ये आलेल्या स्टॅन्ली कोहेन या जीवरसायनशास्त्रज्ञाने पुढचे काम उचलले. गाठीच्या अर्कात न्यूक्लिक आम्ल आहे की प्रथिन, हे ठरवण्यासाठी न्यूक्लिक आम्ल तोडणारे विकर हवे होते आणि ते सापाच्या विषात मिळते म्हणून थोडे विष मिसळण्यात आले. परिणाम कमी होण्याऐवजी प्रचंड वाढला. विषातच हा पदार्थ गाठीपेक्षा कितीतरी अधिक होता. विषग्रंथी ही मुळात लाळग्रंथीच, या तर्काने नर उंदराची जबड्याखालील लाळग्रंथी तपासली गेली आणि तेथे खजिनाच सापडला. त्याच अर्काने नवजात पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडतात, हे कोहेन यांच्या नजरेतून सुटले नाही. त्यातून त्वचापेशींची वाढ करणारे ईजीएफ हे दुसरे प्रथिन निघाले. मधुमेही पायाच्या गोष्टीत ते पुढे पुन्हा येईल.

उंदीर आपल्या जखमा चाटतात. लाळग्रंथी काढलेल्या उंदरांच्या जखमा सावकाश आकसतात आणि एनजीएफ लावले तर तो वेग सुधारतो, असे प्रयोग १९८० च्या सुमारास प्रसिद्ध झाले. सकाळची शिळी थुंकी जखमेला लावण्याचा आपल्याकडचा जुना उपाय यामुळे शास्त्रशुद्ध ठरत नाही. नर उंदराच्या ग्रंथीतील साठा माणसाच्या लाळेत नाही, आणि मधुमेही पायाच्या जखमेवर तोंडातील जंतू पोहोचवणे धोक्याचेच आहे.

आशेला आधार काय होता

मानवी एनजीएफचे जनुक १९८३ मध्ये हाती आल्यावर ते कारखान्यात बनवता येऊ लागले. १९९१ मध्ये त्याचा ग्राही, म्हणजे पेशीवर त्याचा निरोप स्वीकारणारा रेणू, ट्रकए, ओळखला गेला. तो ग्राही वेदना व तापमान कळवणाऱ्या बारीक तंतूंवर आणि घाम व रक्तवाहिन्या सांभाळणाऱ्या अनुकंपी तंतूंवर असतो. बधिर पायात पहिला तडाखा बहुधा याच तंतूंना बसतो. मधुमेही उंदरांच्या ऊतींत एनजीएफ कमी आढळत होते आणि तंतूंच्या टोकाकडून पेशीकडे होणारी त्याची वाहतूकही मंदावलेली होती. मधुमेही माणसांच्या कातडीतही तशाच उणिवेचे पुरावे आले. अशा उंदरांना बाहेरून एनजीएफ दिले की बिघाड बऱ्याच अंशी टळत असे.

१९९६ मध्ये आणखी एक दुवा जुळला. जन्मतः वेदना न जाणवणाऱ्या आणि घाम न येणाऱ्या काही मुलांच्या ट्रकए जनुकात दोष आढळला. या मुलांना गर्भावस्थेतच एनजीएफचा निरोप पोहोचत नाही, त्यामुळे त्यांचे वेदनातंतू टिकत नाहीत. जिभेला चावे, भाजलेले हात, न कळलेले अस्थिभंग आणि तळव्यांचे व्रण हे त्यांच्या वाट्याला येते. म्हणजे एनजीएफविना वाढलेल्या माणसाचा पाय कसा दिसतो, हे निसर्गानेच दाखवले होते, आणि तो मधुमेही पायासारखा दिसत होता.

येथे तर्काला हलकासा, पण पुढे महागात पडलेला घसरा बसला असे मला वाटते. एनजीएफ नसेल तर तंतू टिकत नाहीत, यावरून एनजीएफ दिले तर मेलेले तंतू परततील, असे निघत नाही. उंदरांच्या संवेदी पेशी जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत जगण्यासाठी एनजीएफवर अवलंबून राहणे सोडतात. प्रौढ शरीरात त्याचे काम बदलते : वेदनातंतू किती हळवे असावेत, त्यांनी सबस्टन्स पीसारखी रसायने किती बनवावीत, हे ते ठरवू लागते. गर्भात जे जीवनदान होते, ते प्रौढात वेदनेची पातळी ठरवणारे बटण झालेले असते.

चाचणी

पहिल्या टप्प्यात निरोगी माणसांना एनजीएफ टोचले तेव्हाच स्नायूदुखी आणि टोचलेल्या जागेचा अतिहळवेपणा दिसून आला होता. जेनेन्टेक कंपनीच्या दुसऱ्या टप्प्यात २५० मधुमेही रुग्णांना सहा महिने शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ०.१ किंवा ०.३ मायक्रोग्रॅम, आठवड्यातून तीनदा, दिले गेले. तपासणीतील संवेदनेचा भाग, दोन मोजमापी चाचण्या आणि रुग्णांचे स्वतःचे मत या तिन्हींत सुधारणा दिसली. हे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले, तोपर्यंत तिसरा टप्पा सुरूही झाला होता.

तिसऱ्या टप्प्यात ०.१ मायक्रोग्रॅम एवढीच मात्रा ठेवली. यशाचा मुख्य निकष होता पायांच्या मज्जातंतूंच्या बिघाडाचा एक गुणांक, ज्यात स्नायूंची ताकद, प्रतिक्षिप्त क्रिया आणि संवेदना यांचे गुण एकत्र धरले जातात. दुय्यम निकषांत तळव्यावर नव्याने होणारे व्रणही मोजायचे होते. एनजीएफ गटातील ४१८ जणांनी म्हणजे ८३ टक्क्यांनी, आणि दुसऱ्या गटातील ४६१ जणांनी म्हणजे ९० टक्क्यांनी, उपचार पूर्ण केला; या तफावतीतही इंजेक्शनच्या त्रासाची सावली दिसते. मुख्य गुणांकात फरक नव्हता. रुग्णांच्या एकंदर मताच्या निकषात थोडा फायदा दिसला, पायदुखीविषयीच्या एक-दोन प्रश्नांतही दिसला, पण त्या प्रश्नावलीतील ३२ तुलनांपैकी दोन जमल्या याला कोणी पुरावा म्हणणार नाही. कंपनीने विकास थांबवला.

काय चुकले असावे

चाचणीशी संबंधित संशोधकांनी नंतर स्वतःच चार कारणे पुढे ठेवली : निष्क्रिय औषधाच्या गटातही झालेली सुधारणा, अपुरी मात्रा, दोन टप्प्यांतील रुग्णांचे वेगळेपण, आणि तिसऱ्या टप्प्यासाठी बदललेली औषधाची बनावट. चारही कारणे विचारात घेण्याजोगी आहेत. तरी त्यांचे वजन सारखे नाही.

निकषाचाच प्रश्न घेऊ. घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया, ट्यूनिंग फोर्कचे कंपन, पायाच्या अंगठ्याची स्थिती ओळखणे आणि स्नायूंची ताकद या गोष्टी जाड तंतूंवर चालतात, आणि जाड संवेदी तंतूंवर मुख्यतः ट्रकसी हा वेगळा ग्राही असतो, जो एनजीएफच्या भावंडाला, एनटी-३ ला, प्रतिसाद देतो. प्रौढ चालक तंतूंवरही ट्रकए नाही. म्हणजे ज्या तंतूंना औषध ऐकूच येत नाही, त्यांच्या सुधारणेवर औषधाचा निकाल बराचसा अवलंबून ठेवला गेला. बारीक तंतू थोडेफार सुधारले असते तरी एकत्रित गुणांकात ती सुधारणा बुडून गेली असती. त्यांची गणना करण्यासाठी कातडीचा छोटा तुकडा काढून तंतू मोजण्याची पद्धत तेव्हा विकसित होत होती, पण या चाचणीचा निकाल तिच्यावर बेतलेला नव्हता.

मात्रेची कोंडी अधिक कठीण आहे. उंदरांना दिलेली मात्रा माणसांना दिलेल्या मात्रेच्या कित्येक पट होती. माणसात ती वाढवता आली नाही, कारण औषध वाढवले की वेदना वाढते, आणि वेदना हा येथे आकस्मिक दुष्परिणाम नसून प्रौढातील एनजीएफचे नेहमीचे कार्यच आहे. शिवाय टोचलेली जागा दुखू लागली की आपल्याला खरे औषध मिळते आहे हे रुग्णाला ताडता येते. दुसऱ्या टप्प्यातील सुधारणेत या अंदाजाचा वाटा किती होता, ही शंका त्यामुळे कायम राहते.

मला मात्र सर्वांत वजनदार वाटते ती जागेची चूक. गर्भात एनजीएफ तेथल्या तेथे, लक्ष्य अवयवात, अत्यल्प प्रमाणात तयार होते आणि तंतूच्या टोकाला मिळते; टोकाकडून पेशीकडे तो निरोप वाहून नेला जातो, आणि त्यातच ‘येथे ये, येथे टिक’ असा पत्ता दडलेला असतो. त्वचेखाली टोचून ते सर्व शरीरात पसरवले की पत्ताच पुसला जातो. ज्या बोटापर्यंत तंतू पोहोचायला हवा तेथे विशेष काही मिळत नाही, आणि जेथे तंतू शाबूत आहेत तेथे ते फक्त दुखवते. तुरीनच्या खोलीत सापडलेला धडा औषधाच्या मार्गाने पुसून टाकला, असेच म्हणावे लागेल. ४८ आठवड्यांत मीटरभर अंतरावरच्या टोकाची झीज भरून निघेल ही अपेक्षाही धाडसाचीच होती, विशेषतः रक्तातील साखर आणि लहान रक्तवाहिन्यांचा आजार तसेच चालू असताना.

उलट्या दिशेचा पुरावा पुढे दुसऱ्या औषधाने दिला. एनजीएफला बांधून ठेवणारे टॅनेझुमॅब हे प्रतिपिंड सांधेदुखीवर खरोखर वेदनाशामक ठरले, परंतु काही रुग्णांचे सांधे वेगाने झिजल्यामुळे २०१० मध्ये अमेरिकेत त्याच्या चाचण्या थांबवल्या गेल्या, नंतर पुन्हा सुरू झाल्या आणि २०२१ मध्ये कंपन्यांनी ते सोडून दिले. एनजीएफ घातले तर दुखते आणि काढून घेतले तर दुखणे थांबते, हे यातून पक्के झाले. त्या दुखण्याने सांध्यांचे काही रक्षण होत असावे, ही शंकाही बळावली.

जखमेवरच लावले तर?

१९९८ मध्ये मधुमेही उंदरांच्या कातडीवरील जखमेला थेट एनजीएफ लावल्यावर ती लवकर भरते, असे जपानी संशोधकांनी दाखवले. २००३ मध्ये इटलीत, वृद्धाश्रमातील ३६ रुग्णांच्या पावलांवरील दाबव्रणांना उंदराचे एनजीएफ लावून चाचणी झाली आणि व्रणाचे क्षेत्रफळ तुलनेने अधिक घटले. संख्या लहान आहे आणि दाबव्रण म्हणजे मधुमेही व्रण नव्हे. तरी जागेवर लावण्याची दिशा त्यातून सुचते. तिचा पाठपुरावा मधुमेही पायात मोठ्या प्रमाणावर झाला नाही, याचे एक साधे कारण स्पर्धा हे असावे. पेशींची वाढ करणारे पीडीजीएफ डिसेंबर १९९७ मध्येच अमेरिकेत मधुमेही व्रणांसाठी मलम म्हणून मान्य झाले होते, आणि कोहेन यांचे ईजीएफ क्युबात जखमेत टोचायच्या औषधाच्या रूपात, तर हैदराबादच्या एका कंपनीकडून जेलच्या रूपात रुग्णांपर्यंत पोहोचले. पीडीजीएफच्या मुख्य चाचणीत २० आठवड्यांत पूर्ण भरलेल्या व्रणांचे प्रमाण ५० टक्के होते, औषधाविना ३५ टक्के. मेलेली कातडी काढणे, जंतुसंसर्ग आवरणे, रक्तपुरवठा तपासणे आणि प्लास्टर किंवा विशेष बुटाने दाब हटवणे हे सगळे केल्यावर वर मिळणारी ही भर आहे. दाब तसाच ठेवून लावलेले कोणतेही महागडे जेल रुग्ण पायाखाली तुडवतो.

एनजीएफला शेवटी जागा मिळाली ती डोळ्यात. सेनेगर्मिन हे मानवी एनजीएफचे थेंब २०१७ मध्ये युरोपात आणि २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले; पारपटलाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, संवेदना गेल्याने तेथे न भरणाऱ्या व्रणांवर ते दिवसातून सहा वेळा, आठ आठवडे घालतात. पारपटल संवेदी तंतूंनी दाट भरलेले, रक्तवाहिन्यांविना, स्वच्छ आणि हाताशी असते, त्यावर शरीराचे वजन पडत नाही, आणि थेंब नेमका तंतूंच्या टोकांवरच पडतो. पारपटल बधिर होण्याच्या कारणांत मधुमेहही आहे. त्यामुळे एखाद्या मधुमेही रुग्णाच्या डोळ्यात आज एनजीएफ घातले जाऊ शकते, आणि त्याच रुग्णाच्या तळव्यावरील व्रणासाठी डॉक्टर दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा टेकवून बधिरतेची हद्द आखतात आणि पायाला प्लास्टर घालतात.